मधला वर करा

मधल्याच्या आईला सगळं ऐकू यायचं. शेजारच्या घरात चमचा पडला तरी तिला कळायचं, आणि तो चहाचा होता की वाढायचा होता हेही ती छातीठोकपणे सांगायची. थोरल्या मुलाचा खर्जातला आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचा, धाकट्याचा चिरका आवाज तर गल्लीच्या तोंडापासून. ऐकू यायचा नाही तो फक्त मधल्याचा.

याला कारण होतं आणि ते कागदावर होतं. बाजाराच्या मागच्या बाजूला सोल्डरबाईंचं दुकान होतं. बाई कानात घालायची यंत्रं विकायच्या, त्यासाठी लोकांचे कान तपासायच्या, आणि उरलेल्या वेळात त्याच टेबलावर त्याच सोल्डरच्या डागणीने गिटारवाल्यांची यंत्रं दुरुस्त करायच्या. आई त्यांना 'कानाची डॉक्टरीण' म्हणायची. त्यांनी आईचे कान तपासले तेव्हा एक रेघ निघाली होती. डावीकडे खर्ज ठीक, उजवीकडे वरचे सूर ठीक आणि मधोमध भला मोठा खड्डा. मधल्याचा आवाज नेमका त्या खड्ड्यात पडायचा. बाईंनी यंत्र दिलं. आईने ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं, कारण तिच्या मते यंत्रं बहिऱ्यांसाठी असतात.

मधल्याने ओरडूनही पाहिलं. त्याने आवाज वाढायचा, पण खड्ड्यातल्या खड्ड्यात. आईला एवढंच दिसायचं, की पोराचा चेहरा लाल झालाय, मानेच्या शिरा ताठल्यात आणि ओठ हलतायत. चिडलाय आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय, असं म्हणून ती दुसऱ्या खोलीत निघून जायची. आल्यागेल्याला सांगायची, माझा मधला अगदी घुमा झालाय.

मग त्याचं म्हणणं त्याची बायको मोठ्याने सांगू लागली. तिचा आवाज आईला स्वच्छ ऐकू यायचा. परिणाम असा झाला, की पंखा दुरुस्त करायला हवा, धाकट्याने घरात ड्रम वाजवू नयेत, ही मधल्याची सगळी मतं बायकोच्या नावावर जमा झाली आणि ती बिचारी सगळ्या नातेवाइकांत तोंडाळ म्हणून गाजली. तिने ते हसण्यावारी नेलं. मधल्याला मात्र ते फार लागायचं. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्याला पुढची खोली मिळाली, धाकट्याला गच्चीवरची, आणि मधल्याला मधली, जिला तीन दारं होती आणि जिच्यातून गेल्याशिवाय कोणालाच स्वयंपाकघरात जाता येत नसे. तेव्हा तो दोन दिवस खरोखरच कोणाशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला, पण आईचे कान गेले ते साधारण त्याच सुमाराला.

आता घरात ऐकू येत नाही, ते बाहेर तरी यावं की नाही? तर तेही नाही. तिघा भावांचा बँड होता. थोरला गायचा, धाकटा ड्रम बडवायचा आणि मधला गिटार वाजवायचा. दुकानांची उद्घाटनं, लग्नाचे स्वागत समारंभ, कचेऱ्यांतले निरोप, जिथे बोलावतील तिथे ते जायचे. आणि प्रत्येक ठिकाणी कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी सज्जन येऊन विचारायचा, की तुमच्याबरोबर गिटार घेऊन एक गृहस्थ उभे होते, ते काय करत होते?

मधला घरी एकटा वाजवायचा तेव्हा गिटार अमृतासारखी लागायची. गिटारीची वायर आधी प्रीॲम्प नावाच्या डब्यात जाते, तिथे तिच्या क्षीण आवाजाला जीव येतो, तो तापतो, थोडा फाटतो, आणि मग पुढे मोठ्या ॲम्पात जाऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. मधल्याने आपल्या खोलीत बसून त्या प्रीॲम्पाची बटणं मनासारखी लावली होती. खालचा घुमारा भरपूर, वरची चकाकी भरपूर, आणि मधला भाग जवळजवळ बंद, कारण खोलीत तो कानाला कर्कश वाटायचा. पण बँडमध्ये खाली धाकट्याचे ढोल आणि थोरल्याचा खर्ज, वर झांजा. गिटारीची जागा मध्ये, आणि तीच त्याने स्वतःच्या हाताने मोकळी करून ठेवलेली.

शेवटी थोरल्याने विषय काढला. येत्या शनिवारी विमा कचेरीच्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता. त्यातल्या शेवटच्या गाण्यात मधल्याचा एकट्याने वाजवायचा तुकडा होता, त्याला तो आपला 'उभा तुकडा' म्हणायचा, कारण तेवढ्यापुरता तो खुर्चीवरून उठून उभा राहायचा. थोरला म्हणाला, की शनिवारी तो तुकडा ऐकू आला तर ठीक, नाहीतर पुढच्या वेळेपासून आमचे जावईबापू वाजवतील. जावईबापूंकडे कीबोर्ड होता आणि त्या कीबोर्डात गिटारचं बटण होतं. मधल्याने मग वायरी सांभाळाव्यात, त्याही महत्त्वाच्याच असतात. थोरला हे प्रेमाने म्हणाला, आणि त्यामुळे मधल्याला ते जास्तच झोंबलं.

त्याने दुसऱ्याच दिवशी इक्वलायझर पेडल आणलं. पायाने दाबायची चपटी डबी, वर एका रांगेत सरकत्या खुंट्या. डावीकडची खुंटी खर्जाची, उजवीकडची अगदी वरच्या सुरांची, आणि मध्ये मधली. खुंटी वर सरकवली की तेवढा पट्टा मोठा होतो, खाली ओढली की बारीक. पायाने दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मधल्याने ते गिटार आणि प्रीॲम्प यांच्यामध्ये जोडलं, मधली खुंटी पार टोकाला नेली आणि तार छेडली. गिटार किंचाळली. मोठी झाली नाही, नुसती फाटली, चिडली. स्वयंपाकघरात जाता जाता आई खोलीत थबकली, त्याच्या लाल चेहऱ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

मग त्याने प्रीॲम्प आणि पेडल दोन्ही उचलून सोल्डरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बघून फोन करते, असं बाई म्हणाल्या.

फोन आला तेव्हा मधला आंघोळीला गेला होता. फोन धाकट्याने घेतला. धाकटा लहानपणापासून ड्रमजवळ बसलेला, त्याला कोणाचंही बोलणं निम्मंच कळायचं, पण जे कळेल ते तो तंतोतंत सांगायचा. सगळे चहाला बसलेले असताना त्याने जाहीर केलं, की कानाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन होता, मधल्याबद्दल.

"त्या म्हणाल्या, मधला फार खाली गेलाय. बरीच वर्षं तसाच असावा, कोणी लक्ष दिलेलं दिसत नाही. त्याला वर करा. पण पुढे ठेवू नका. पुढे ठेवलात तर नुसता चिडतो, आवाज काही वाढत नाही. त्याला मागे, लूपमध्ये घाला. आणि एकदम वर नको, बेताबेताने."

आईने कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"खाली गेलाय म्हणजे? खचलाय का माझा मधला?"

डोकं पुसत मधला बाहेर आला तेव्हा सगळं घर त्याच्याकडे बघत होतं. धाकट्याने निरोप पुन्हा सांगितला. मधल्याच्या ताबडतोब लक्षात आलं, की बाई गिटारीच्या आवाजातल्या मधल्या पट्ट्याबद्दल बोलत होत्या. अहो, तो मधला मी नव्हे, असं तो म्हणाला. आईला ते ऐकू आलं नाही. भावांना आलं, पण ते म्हणाले, चिडतोय बघा, बाईंनी सांगितलंय तस्संच, मागे घ्या त्याला. मधल्याने आवाज चढवला, तेव्हा तर कोणालाच शंका उरली नाही.

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. तिने त्याला खोलीत ओढून नेलं आणि विचारलं, सांगू का मी खरं काय ते?

मधला पलंगावर बसला. बाहेर थोरला, धाकटा, थोरली वहिनी, जावईबापू आणि आई यांची बैठक रंगात आली होती. 'मधल्याला', 'मधल्याचं', 'मधल्यासाठी', असे शब्द दारांतून आत येत होते, आणि खोलीला दारं तीन असल्यामुळे बरेच येत होते.

"राहू दे," तो म्हणाला. "या घरात माझ्यावर बैठक कधी बसली नव्हती."

"मग बसा तुम्हीही वर," बायको म्हणाली.

आणि तो खरंच वर बसला. पहिल्या दिवशी त्याच्या पलंगाच्या पायांखाली विटा आल्या. जेवणाच्या टेबलावर स्टूल चढवलं गेलं आणि मधल्याचं ताट तिथे पोचू लागलं. डोकं पंख्याला लागू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागला. पंख्याबद्दल त्याचं इतकी वर्षं काही म्हणणं होतं, ते निदान या मार्गाने निकालात निघालं. बेताबेताने वर करायचं असल्यामुळे आई रोज सकाळी एक वीट वाढवायची. पलंग कधी नव्हता तेवढा उंच झाला. रात्री चढताना मधल्याला खुर्ची घ्यावी लागे, आणि बायकोने खाली वेगळी गादी घातली.

अडलं ते लूपवर. लूप म्हणजे काय, यावर घरात दोन मतं पडली. धाकट्याच्या मते लूप म्हणजे तेच तेच पुन्हा वाजवणं, तेव्हा मधल्याने प्रत्येक वाक्य चारदा म्हणावं. थोरला म्हणाला, छे, लूप म्हणजे फेरा, इथून बाहेर आणि तिथून आत. थोरल्याचं मत टिकलं, कारण तो थोरला होता. तेव्हापासून असं ठरलं, की मधल्याला घरात काही बोलायचं असेल तर त्याने मागच्या दाराने बाहेर पडावं, इमारतीला वळसा घालावा, पुढच्या दाराने आत यावं आणि मग बोलावं.

मधला गेला. आधी गंमत म्हणून, मग हट्टाने. मागच्या दाराने निघताना डोकं तापलेलं असे. कचऱ्याचे डबे, कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान, सायकलींची रांग, असं करत तो पुढच्या दाराशी येई तोवर डोक्यातल्या दहा वाक्यांतली नऊ गळून पडलेली असत. उरलेलं एक तो शांतपणे बोले. आणि आश्चर्य म्हणजे भाऊ ते ऐकत. धाकट्याने घरात ड्रम वाजवणं खरोखरच बंद केलं. आईला अर्थात तरीही ऐकू येत नव्हतं. ती त्याच्या ओठांकडे बघायची, सुस्कारा टाकायची आणि म्हणायची, अजून एक वीट.

शनिवारी सकाळी मधला यंत्रं आणायला सोल्डरबाईंकडे गेला. फोनवरच्या निरोपाचं घरात काय झालं ते त्याने सांगितलं नाही. बाई प्रीॲम्पाच्या पाठीमागे बोट दाखवत होत्या. तिथे दोन भोकं होती, इतकी वर्षं धुळीने भरलेली. एकावर लिहिलं होतं सेंड, दुसऱ्यावर रिटर्न.

"हा तुमचा लूप," बाई म्हणाल्या. "प्रीॲम्पात गिटार तापते. पेडल त्याच्या आधी लावलंत, तर तुम्ही जे वर कराल तेच जास्त तापतं. तापतं, फाटतं, पण मोठं होत नाही. तापून झालं की सेंडमधून बाहेर काढा, पेडलातून न्या, मधला वर करा आणि रिटर्नमधून परत आत सोडा. मग चिडचिड तेवढीच राहते आणि आवाज वाढतो."

मधल्याने सेंडपासून रिटर्नपर्यंत हवेत बोट फिरवलं. मागचं दार, इस्त्रीचं दुकान, पुढचं दार, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आपण गेले काही दिवस पायांनी केलं ते हेच, हे त्याला पटलं आणि आपल्या घरच्या मंडळींबद्दल थोडा आदरही वाटला.

बाईंनी मग एक जुना कागद काढून पेडलाशेजारी धरला. आईच्या कानाची रेघ. त्यांनी विचारलं, यंत्र घालतात का आई? मग नाहीच घालत ना, असं स्वतःच म्हणून त्यांनी खड्ड्यावर बोट ठेवलं आणि मग मधल्या खुंटीवर. दोन्ही एकाच जागी होते. बाईंनी मधली खुंटी वर सरकवली, खड्डा जितका खोल होता तितकी. निघताना मधल्याला गिटारीची काळजी उरली नव्हती. आता एकच गोष्ट हवी होती. त्या तुकड्याच्या वेळी आईने मान वर करून बघावं.

समारंभ दुपारी होता. मधला सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचला. रंगमंचाच्या पुढच्या बाजूला, थोरल्याच्या माइकजवळ त्याने प्रीॲम्प मांडला, सेंडमधून वायर काढली, पेडलात नेली, पेडलातून रिटर्नमध्ये आणली. गाणी नेहमीच्या आवाजात वाजवायची, आणि उभ्या तुकड्याला पाय पुढे करून पेडल दाबायचं, असं त्याने ठरवलं. सगळं दोनदा तपासून तो तोंड धुवायला गेला.

परत येतो तर रंगमंचाच्या मागच्या बाजूला दोन टेबलं एकावर एक चढवलेली होती आणि त्यावर खुर्ची. आई खाली उभी राहून धाकट्याला टेबलं हलतायत का ते बघायला सांगत होती. पुढे ठेवू नका, मागे ठेवा, वर करा, सगळ्या सूचना पाळल्या गेल्या होत्या. मधल्याने पेडलाकडे बोट दाखवलं. ते आता त्याच्यापासून बरंच दूर आणि बरंच खाली होतं. पण वायरी लांब होत्या, त्यामुळे गिटार वर पोचली आणि कोणालाही अडचण दिसली नाही. तेवढ्यात साहेब आले, टाळ्या सुरू झाल्या, आणि थोरल्याने व धाकट्याने त्याला दोन्ही बगलांत धरून वर चढवलं.

वरून सगळं सभागृह दिसत होतं. विमा कचेरीतली माणसं खुर्च्यांवर दाटीने बसली होती. साहेबांच्या मांडीवर भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. पहिल्या रांगेत आई, तिच्या शेजारी त्याची बायको. कडेला जावईबापू कीबोर्ड घेऊन उभे होते आणि त्यांचं बोट गिटारच्या बटणावर टेकलेलं होतं.

गाणी झाली. नेहमीप्रमाणे थोरला ऐकू आला, धाकटा ऐकू आला. एक बाई शेजारणीला विचारताना दिसल्या, की ते टेबलावर बसवलेले कोण? शेवटचं गाणं सुरू झालं. तुकडा जवळ येत होता आणि पेडल खाली थोरल्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर मख्ख पडलं होतं.

"दादा, पेडल दाब!" तो ओरडला. थोरला डोळे मिटून गात होता. मधल्याने धाकट्याला सांगितलं, धाकट्याने हसून मान डोलावली आणि झांज जोरात मारली. मग मधल्याने जावईबापूंना हात केला. जावईबापूंना वाटलं आपल्यालाच खूण केली, आणि त्यांनी बोट ताणून तयार ठेवलं. खाली उडी मारावी तर गिटार गळ्यात आणि टेबलं डगमगती. तो नुसता ओरडत राहिला, चेहरा लाल, शिरा ताठलेल्या.

ते पहिल्या रांगेतून आईने पाहिलं. इतकी वर्षं तिने तो चेहरा पाहिला होता आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली होती. या वेळी ती उठली. एवढं वर करूनही पोराचं दुःख जात नाही, हे तिला बघवेना. सुनेने तिचा हात धरला, तो सोडवून ती बाजूच्या पायऱ्या चढून रंगमंचावर गेली. वायरी ओलांडत, थोरल्याला कोपराने बाजूला सारत ती टेबलांच्या दिशेने निघाली आणि मान वर करून म्हणाली, काय हवंय रे तुला? आणि तिचा पाय पेडलावर पडला.

त्या क्षणी मधला उभा राहिला होता आणि त्याने तुकड्याची पहिली तार छेडली होती.

सभागृहातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. आवाज मोठा होता, पण कर्कश नव्हता. भरलेला होता, माणसाच्या गळ्यातून यावा तसा. ढोल खाली राहिले, झांजा वर राहिल्या, आणि मधोमध गिटार सरळ चालत आली. साहेबांनी घड्याळ छातीशी धरलं. जावईबापूंचं बोट बटणावरून आपोआप निघालं.

आई जागच्या जागी थांबली. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग वर.

"मधला," ती म्हणाली. "हा मधला बोलतोय."

तुकडा छोटासाच होता. तो संपत आला तसं थोरल्याने पुन्हा गायला तोंड उघडलं. पण आईने पाय काढला नाही. पाय काढला की हे थांबेल असं तिला वाटलं, आणि ती दोन्ही हातांनी थोरल्याच्या माइकचा दांडा धरून त्या डबीवर घट्ट उभी राहिली. मग मधल्याने तुकडा पुन्हा वाजवला. मग आणखी एकदा, जरा वेगळा. त्याच्याकडचे सूर संपले तेव्हा त्याने लहानपणी पाठ केलेल्या सरावाच्या सरगमी वाजवल्या. साहेबांचं भाषण व्हायचं होतं, ते राहून गेलं. चहावाल्याने खिडकीतून दोनदा पाहिलं. थोरला कंटाळून पायरीवर बसला आणि शेवटी जावयाच्या कानात म्हणाला, ऐकू येतंय बुवा, काय करणार! बायको पहिल्या रांगेत रडत होती आणि हसतही होती.

रविवारी मधल्या खोलीत तिन्ही दारांत माणसं उभी होती. पलंगाखालच्या विटा काढल्या गेल्या होत्या. मधल्याने प्रीॲम्पाला गिटारऐवजी माइक जोडला होता, पेडल लूपमध्ये होतं, मधली खुंटी वर. आई समोर खुर्चीवर मटार सोलत बसली होती. मधल्याने पेडल दाबलं. इतकी वर्षं मनात जुळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही वेळेला सापडेना.

"आई," तो म्हणाला.

"काय रे?"

हे 'काय रे' ऐकायला तो किती आसुसलेला होता ते त्यालाही तोवर माहीत नव्हतं. त्याने नाक ओढलं, आणि तेही स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू आलं.

आईच पुढे बोलली. "गेला का राग?"

"कसला राग?"

"खोलीचा. तुला मधली दिली म्हणून अबोला धरलास ना? चूक माझी होती रे. पण तू बोलशील तेव्हा बोलशील, म्हणून मी वाट बघत होते."

मधल्याने माइक तोंडाजवळ ओढला.

"आई, तो राग दोन दिवसांत गेला. मी रोज बोलत होतो तुझ्याशी."

"रोज?"

"रोज."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने दारातल्या सगळ्यांकडे पाहिलं. सून मान हलवून हो म्हणाली. मग आईने मटारांचं ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"काय काय म्हणालास?" तिने विचारलं.

तेव्हा मधला आठवेल तिथून सांगू लागला. तुला ताप होता त्या दिवशी मी विचारलं, की कपाळाला हात लावू का. बाजारातून काय आणू, ते पुष्कळदा विचारलं. निळी साडी तुला छान दिसते म्हणालो होतो. बाबांची आठवण येते, हे एकदा म्हणालो, तू खिडकीत उभी होतीस. पंखा आवाज करतो म्हणालो. दूध नासलंय म्हणालो. ड्रम बंद करायला सांग म्हणालो. तुझं चुकलं नाही, खोली चांगली आहे, सगळे माझ्या खोलीतूनच जातात, हेही म्हणालो होतो. दारांतली माणसं एकेक करून निघून गेली, त्यांच्या जेवणाची वेळ झाली. आई ऐकत होती. मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती, आणि दूध नासल्याचं खरंच ऐकायला हवं होतं म्हणाली.

दुपार कलली तसा मधला रंगात आला. त्याचा आवाज खोलीत, स्वयंपाकघरात, गच्चीवर, सगळीकडे दणदणत होता. शेजारच्या घरात चमचा पडला असता तरी त्या दिवशी कोणाला कळलं नसतं.

आईने हात वर केला.

"मधल्या, जरा खाली कर. मी काय बहिरी आहे?"

त्याने मधल्या खुंटीवर बोट ठेवलं, थोडी खाली सरकवल्यासारखं केलं, आणि होती तिथेच सोडली.